लेकरू देवाचे, जबाबदारी मंडळीची

आजऱ्याहून दोन रस्ते फुटतात. एक आंबोली घाट उतरून सावंतवाडीमार्गे गोव्याला जातो, दुसरा गडहिंग्लजवरून कोल्हापूरकडे. पहिल्याच्या टोकाला सोळाव्या शतकापासून चालत आलेली गोव्याची रोमन कॅथलिक परंपरा आहे, तर दुसऱ्याच्या टोकाला १८५२ साली सुरू झालेले अमेरिकन कोल्हापूर मिशन. आजरा परिसरातील कॅथलिक घरांची नाळ कोकण-गोव्याशी जुळलेली आहे. कोल्हापूर, कोडोली, सांगली, मिरज इकडची प्रॉटेस्टंट घरे मिशनच्या मंडळ्यांतून वाढली. शाळेत, दवाखान्यात, लग्नकार्यात दोन्हीकडची माणसे एकत्र येतात. घरात बाळ जन्मले की दोन्हीकडे प्रश्नही तेच निघतात. बाळाला काही कळत नसताना बाप्तिस्मा कशासाठी? तो झाला नाही तर बाळ देवाचे नाही का? मोठेपणी पुन्हा घ्यावा का?

या प्रश्नांची उत्तरे कुटुंबांपर्यंत पोचवण्याचे काम आपल्या भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. त्याला एक इमारत नाही, एक संस्थापक नाही आणि एक स्थापनादिनही नाही. तरीही ही वाटचाल नोंदवली पाहिजे. मंडळी किती जणांना बाप्तिस्मा देते यापेक्षा, बाप्तिस्मा झालेल्या लेकरामागे ती किती वर्षे उभी राहते, यावर तिची खरी परीक्षा होते.

राशोलचा पाठ

या कामाचा सर्वांत जुना धागा गोव्यात सापडतो. इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि पुढची चाळीस वर्षे मुख्यतः साष्टी भागात राबले. त्या शतकात गोव्यात सामुदायिक बाप्तिस्मे झाले आणि त्यांच्यामागे राजसत्तेचा दबावही होता. हे झाकून ही वाटचाल सांगता येणार नाही. गावेच्या गावे ख्रिस्ती झाली, पण आपण कोणाचे झालो आणि का झालो, हे त्या घरांना कळलेले नव्हते. जुनी पुराणे बंद झाली होती आणि कानावर पडावे असे नवे काही मिळाले नव्हते.

स्टीफन्सनी ही उणीव ओळखली. त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीतल्या राशोलला छापून झाले. कोकणी वळणाच्या मराठीतली ती कथा देवळात वाचली जाऊ लागली. त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १६२२ साली, कोकणीतली त्यांची ‘दौत्रिना क्रिश्तां’ही छापली गेली. तिची घडण गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांची आहे. बाप्तिस्मा आधी आणि उमज नंतर, अशी तिथली परिस्थिती होती. ती उणीव भरून काढण्यासाठी एक परदेशी माणूस लोकांच्या बोलीत शिरला आणि त्यांच्याच छंदात बोलला. श्रद्धा शिकवायची तर ती घरच्या भाषेतच शिकवावी लागते, हा या वाटचालीचा पहिला धडा आहे.

पुढच्या तीन शतकांत कॅथलिक घरात बाप्तिस्म्याची रीत पक्की झाली. बालमृत्यूची भीती घरोघरी होती आणि चर्चचा नियमही ‘शक्य तितक्या लवकर’ असाच होता. त्यामुळे जन्मानंतर काही दिवसांतच बाळाला चर्चमध्ये नेत. बाळंतीण घरीच असे. बाळ मादीनच्या (धर्ममातेच्या) हातात, शेजारी पादीन (धर्मपिता), आणि फादर विचारतील त्याची उत्तरे तेच दोघे देत. बाळाची तब्येत ढासळली तर घरातले कोणीही, अगदी सुईणसुद्धा, डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकत असे, आणि तो चर्च खरा मानत असे. या तातडीत माया होती यात शंका नाही. पण जिने बाळाला जन्म दिला तीच त्या सोहळ्याला हजर नसे, आणि आईबापांना काही शिकवण्याची वेळच येत नसे.

पाण्यामुळे दुभंगलेली घरे

दुसऱ्या रस्त्यावरची कहाणी वेगळी आहे. रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८४६ साली पत्नी एलायझासह पश्चिम भारतात आले. आधी त्यांनी अहमदनगरला काम केले आणि १८५२ मध्ये ते कोल्हापुरात दाखल झाले. शाळांवर त्यांचा भर होता. पुढे त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाने कोल्हापूरचे काम आवरते घेण्याचे ठरवले, तेव्हा ते अमेरिकेहून स्वतःच्या बळावर परत आले आणि १८६१ पासून त्यांनी एकट्याने मिशन चालवले. १८७० च्या सुमारास ते मिशन प्रेस्बिटेरियन मंडळीच्या हाती आले. वाइल्डर यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला आणि पुढे जगभरच्या विद्यार्थी मिशन चळवळीचा एक प्रवर्तक झाला. कोल्हापुरातले वाइल्डर मेमोरियल चर्च या घराण्याची आठवण जपते.

त्या काळात बाप्तिस्मा घेणारा बहुधा मोठा, कमावता माणूस असे, आणि त्याच्या डोक्यावर पाणी पडले की घर दुभंगे. बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी यांनी १८५४ साली बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. त्यांची पत्नी त्यांच्याबरोबर आली नाही आणि तो संसार मोडला. पुढे त्यांनी ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिली, आणि ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपला प्रवास मांडला. अशी घरे इतकी होती की सरकारला कायदे करावे लागले. धर्मांतरामुळे वारसा हक्क जाऊ नये यासाठी १८५० चा कायदा झाला, आणि जोडीदाराने सोडलेल्या धर्मांतरिताच्या विवाहाबाबत १८६६ चा.

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या. काही वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या तेव्हाही त्यांनी आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी ठेवली होती. टिळकांनी त्यांना ओढले नाही. माणसांनी आखलेल्या भेदांतून लक्ष्मीबाईंचे मन स्वतःच्या विचाराने बाहेर पडले, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त हा सगळा प्रवास त्यांनी लपवाछपवी न करता सांगितला आहे. जाणत्या माणसाच्या वतीने दुसरे कोणी, मग तो नवरा का असेना, बाप्तिस्म्याचा निर्णय घेऊ शकत नाही, याचे मराठीत इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

पुढची पिढी आणि करार

एकदा आईबाप दोघेही मंडळीत आले की प्रश्न बदलला. त्यांना मुले झाली. ती मुले मंडळीची की बाहेरची? प्रेस्बिटेरियन शिकवण यावर स्पष्ट आहे. देवाने अब्राहामाशी केलेला करार त्याच्या एकट्यापुरता नव्हता, त्याच्या संततीसाठीही होता. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्राने वचन सांगितले तेही ऐकणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या मुलाबाळांसाठी. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा बाप्तिस्मा झाला तो घरच्या सगळ्यांसह. म्हणून श्रद्धावंत घरातल्या बाळाला बाप्तिस्मा द्यायचा, आणि ते जाणते झाले की मंडळीपुढे उभे राहून त्याने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा. मग त्याला प्रभुभोजनात वाटा मिळतो.

या शिकवणीत आईबापांवर मोठे ओझे आहे. पाळक त्यांना विचारतात की लेकराला प्रार्थनेत आणि पवित्र शास्त्राच्या शिकवणीत वाढवाल का. मंडळीलाही तोच प्रश्न असतो, आणि उभी राहिलेली सगळी मंडळी ‘होय’ म्हणते. खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांतली पुष्कळ घरे दलित समाजातून आलेली होती. गावाच्या विहिरीवर ज्यांना पाणी मिळत नव्हते, त्यांच्या लेकरासाठी सगळी मंडळी उभी राहून शब्द देते, हे त्या घरांना फार मोलाचे होते. ‘तू देवाचा आहेस’ हे त्यांना उपदेशातून कळण्याआधी त्या उभ्या राहण्यातून कळले.

देवाचा दरबार

याच काळात टिळकांनी एक अवघड प्रश्न उचलला. ख्रिस्तावर प्रेम करणारे, त्याच्या मागे चालणारे अनेक मराठी लोक त्यांना भेटत, पण बाप्तिस्म्याच्या उंबरठ्यावर ते थांबत. कोणाला घर तुटण्याची भीती वाटे, तर कोणाला परदेशी वळणाच्या मंडळीत परके होण्याची. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा तो बंधुसंघ होता. मे १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही.

तरीही या वाटचालीत त्याला मानाची जागा आहे. टिळकांनी बाप्तिस्मा कमी लेखला नाही. त्यांनी स्वतः त्याची जबर किंमत मोजली होती. देवाची माया मंडळीच्या रजिस्टरापुरती नसते, एवढेच त्यांना सांगायचे होते. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे लेक मनोरमेसह बाप्तिस्मा घेतल्यानंतर जी ठाम भूमिका घेतली, तिचाही रोख हाच होता. आपण ख्रिस्ताच्या मंडळीत आलो आहोत, कोण्या एका पंथाच्या दावणीला बांधले गेलेलो नाही, असे त्या मानत. मराठी ख्रिस्ती विचाराने जगाला दिलेला हा वाटा आहे आणि आपल्या घरांना तो ठाऊक असायला हवा.

सहा मंडळ्या, एक बाप्तिस्मा

१९२४ साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ झाली. कोल्हापूरच्या आणि अहमदनगरच्या मिशनची लेकरे एका छपराखाली आली. दोन्हीकडे बाळांचा बाप्तिस्मा होत असल्याने तिथे फारसे अडले नाही. खरी कसोटी पुढे होती. १९२९ साली लखनौला मोठ्या ऐक्याची बोलणी सुरू झाली आणि ती चार दशके चालली. त्यात अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, मेथडिस्ट होते, ‘चर्च ऑफ द ब्रदरन’ आणि ‘डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट’ही होते. बाप्टिस्ट म्हणजे विल्यम कॅरींची परंपरा. १८०५ साली मराठीचे व्याकरण छापणाऱ्या कॅरींनी डिसेंबर १८०० मध्ये बंगालमधील श्रीरामपूरला कृष्ण पाल यांना हुगळीत बुडवून बाप्तिस्मा दिला होता. स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच पाण्यात बुडवायचे, ही त्यांची रीत. ब्रदरन तर त्रैक्याच्या नावाने तीन वेळा बुडवतात. एकीकडे तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी, दुसरीकडे जाणत्या माणसाला नदीत. दोन्ही एका मंडळीत कसे नांदणार?

तोडगा निघाला तो नीट समजून घेण्यासारखा आहे. दोन्ही रीती मान्य झाल्या. ज्या घराला बाळाचा बाप्तिस्मा हवा, त्याने तो करावा, आणि मुलाने मोठेपणी दृढीकरणात स्वतःचा विश्वास सांगावा. ज्यांना ते पटत नाही, त्यांनी बाळाचे देवाला अर्पण करावे, मंडळीने आशीर्वाद द्यावा, आणि मुलाने जाणतेपणी बाप्तिस्मा घ्यावा. दोन्ही वाटा पूर्ण सभासदत्वाला येऊन मिळतात. बाळाला बाप्तिस्मा देणे ज्या पाळकाच्या मनाला पटत नाही, त्याच्यावर सक्ती नाही, पण त्या घरासाठी दुसरा पाळक बोलावला जातो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्यांची ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाली. कोल्हापूरच्या जुन्या मिशन मंडळ्याही तीत आल्या.

या तडजोडीचे मर्म एवढेच की दोन्ही वाटांवर पाणी आणि शिकवण दोन्ही लागतात. बाळपणी बाप्तिस्मा झाला तर शिकवण नंतर येते, जाणतेपणी घेतला तर आधी. शिकवण गाळली तर कोणतीच वाट पुरी होत नाही. १९८२ साली पेरू देशातील लिमा येथे जागतिक चर्च परिषदेच्या आयोगाने मंजूर केलेल्या दस्तऐवजातही हाच सूर आहे. बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नाही, आणि पुढच्या संगोपनाचा विचार न करता सरसकट देत सुटायचे नाही.

आईबाप पुढे आले

कॅथलिक रस्त्यावरही याच काळात मोठा बदल झाला. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले की बाळांच्या बाप्तिस्म्याचा विधी सुधारावा आणि आईबाप व पादीन-मादीन यांची भूमिका त्यात स्पष्ट असावी. १५ मे १९६९ रोजी नवा विधी जाहीर झाला. तोवर बाळासाठी म्हणून वेगळा रचलेला विधी नव्हता, मोठ्यांचाच विधी आटोपशीर करून वापरत असत. आता चर्चच्या दाराशी फादर थेट आईबापांना विचारतात, बाळाचे नाव काय ठेवलेत, देवाच्या मंडळीकडे काय मागता? फादर बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात, मग आईबाप करतात, मग पादीन-मादीन. तीनदा पाणी ओतले जाते, टाळूला पवित्र तेल लागते, पांढरे वस्त्र येते, आणि पास्काच्या मेणबत्तीवरून पेटवलेली मेणबत्ती घरच्यांच्या हाती दिली जाते. आधी बाळंतीण घरी राहत असे. आता ती वेदीसमोर उभी असते आणि स्वतःच्या आवाजात वचन देते. या वाटचालीतला हा सर्वांत सुंदर बदल आहे असे मला मनापासून वाटते.

१९८३ च्या कॅथलिक धर्मकायदा संहितेने तयारी बंधनकारक केली. आईबापांना आणि पादीन-मादीनना आधी शिकवले पाहिजे. पादीन किंवा मादीन किमान सोळा वर्षांचे, दृढीकरण झालेले आणि श्रद्धेने जगणारे असावेत. बाळ श्रद्धेत वाढेल अशी आशाच दिसत नसेल तर बाप्तिस्मा पुढे ढकलावा, आणि का ढकलला ते आईबापांना सांगावे. आपल्या भागातल्या मिश्र नात्यांसाठी एक तरतूद फार कामाची आहे. प्रॉटेस्टंट मामा किंवा आत्या कॅथलिक पादीन-मादीनच्या जोडीने साक्षीदार म्हणून उभे राहू शकतात. शिवाय पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला प्रॉटेस्टंट बाप्तिस्मा कॅथलिक चर्च खरा मानते. लग्नानंतर सून कॅथलिक घरात आली म्हणून तिला पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत.

आणखी एक ओझे २००७ साली हलके झाले. बाप्तिस्म्याआधी बाळ गेले तर त्याचे काय, या विचाराने कितीतरी आया आयुष्यभर झुरल्या. त्या वर्षी व्हॅटिकनच्या ईश्वरविद्या आयोगाने सांगितले की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणे आहेत, कारण देवाची दया संस्कारांच्या चौकटीत बांधलेली नाही. ही गोष्ट प्रत्येक फादरने आणि प्रत्येक पाळकाने शोक करणाऱ्या घरात बसून, त्या आईला तिच्या भाषेत सांगितली पाहिजे.

आजचे काम

आज या शिकवणीचे स्वरूप साधे आहे. बाप्तिस्म्याआधी आईबाप फादरांना किंवा पाळकांना भेटतात. चांगला शिक्षक त्यांना नियम सांगण्याआधी त्यांचे ऐकून घेतो. घरात प्रार्थना होते का, कोण घेते, आजी कोणते गाणे म्हणते, असे विचारतो. मग पाण्याचा अर्थ, तेलाचा अर्थ, वचनाचा अर्थ उलगडतो. शेवटी रजिस्टर उघडते. बाळाचे नाव, जन्मतारीख, आईबाप, पादीन-मादीन किंवा साक्षीदार, विधी करणाऱ्याची सही. पुढे दृढीकरणाच्या आणि लग्नाच्या वेळी हीच नोंद पाहिली जाते.

अडचणी आहेत आणि त्या उघड बोलल्या पाहिजेत. कित्येक घरांत हॉल, जेवणावळ आणि फोटोग्राफर आधी ठरतात आणि शिकवणीची संध्याकाळ नकोशी वाटते. पादीन-मादीन श्रद्धेपेक्षा ऐपत पाहून निवडले जातात. मुले शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला गेली की तिथल्या एखाद्या नव्या गटात त्यांना ‘बाळपणीचा बाप्तिस्मा खरा नाही’ असे सांगितले जाते आणि ती पुन्हा पाण्यात उतरतात. त्यांच्यावर रागावण्याआधी आपण त्यांना काय शिकवले होते ते पाहावे. बाप्तिस्म्याचा फोटो घरात आहे, पण त्याचा अर्थ कोणी सांगितला नाही, अशी मुले दुसरीकडे उत्तर शोधणारच.

आणखी एक प्रश्न दलित ख्रिस्ती घरांचा. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती झालेल्याला मिळत नाही. पुढे तो शीख आणि बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती समाजाला नाही. बाळाचा बाप्तिस्मा करताना अशा आईबापांच्या मनात मुलाच्या दाखल्याची आणि शिक्षणाची चिंता असते. तिला श्रद्धेची उणीव म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या मंडळीने बाळासाठी उभे राहून ‘होय’ म्हटले, तिने त्याच्या फीसाठी, वसतिगृहासाठी, नोकरीसाठीही उभे राहावे. वचनाचा अर्थ तोच आहे.

पुढची वाट

एवढ्या वाटचालीतून जे हाती आले ते प्रत्येक आईबापाला सांगण्यासारखे आहे. बाळ देवाचे आहे ते देवाने निर्माण केले म्हणून, त्याच्यावर आधी प्रेम केले म्हणून. बाप्तिस्म्यात देव ते प्रेम सर्वांसमोर त्याच्या नावाने सांगतो, त्याला ख्रिस्ताच्या कुटुंबात घेतो, आणि त्या कुटुंबाला कामाला लावतो. म्हणून बाप्तिस्मा हा भीतीपोटी उरकायचा विधी नाही, आणि देवाला विकत घेण्याची पावती तर मुळीच नाही.

आजरा, गडहिंग्लज, कोल्हापूर इथल्या मंडळ्यांनी आता तीन गोष्टी मनावर घ्याव्यात. बाप्तिस्म्याआधीची शिकवण एका भेटीत न उरकता आईबाप आणि पादीन-मादीन यांच्यासह दोन-तीन बैठकांत, घरी जाऊन, घरच्या बोलीत व्हावी. बाप्तिस्म्याचा वाढदिवस दरवर्षी मंडळीत नाव घेऊन आठवला जावा, म्हणजे मुलाला आपली तारीख आणि तिचा अर्थ तोंडपाठ होईल. आणि दोन्ही रस्त्यांवरच्या मंडळ्यांनी, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट, मिश्र घरांसाठी एकत्र बसून शिकवावे, कारण पाणी एकच आहे आणि नावही एकच. स्टीफन्सनी चारशे वर्षांपूर्वी लोकांच्या बोलीत सुरू केलेले हे काम आता आपल्या फादरांचे, पाळकांचे, संडे स्कूलच्या शिक्षकांचे आणि त्याहून अधिक प्रत्येक आईबापाचे आहे. ते झाले तर पुढच्या पिढीला बाप्तिस्मा पुन्हा घ्यावासा वाटणार नाही. जो झाला आहे तोच जगावासा वाटेल.